ऐकून वापरायचा संगणक : दृष्टिहीनांसाठी मुक्त सॉफ्टवेअर आणि मराठी

दृष्टिहीन माणूस संगणक कानाने वापरतो, ब्रेल येत असेल आणि यंत्र परवडत असेल तर बोटांनीही. पडद्यावर जे घडते ते बोलून सांगणाऱ्या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात. तो पडद्याचे चित्र पाहत नाही. विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइड यांसारखी प्रत्येक कार्यप्रणाली पडद्यावरच्या वस्तूंची एक यादी आतल्या आत बाळगून असते. वस्तूचे नाव काय, ती बटन आहे की लिहायची चौकट, ती सध्या निवडलेली आहे की नाही, असे तपशील त्या यादीत असतात. स्क्रीन रीडर ही यादी वाचतो आणि मजकूर वाचासंश्लेषकाच्या, म्हणजे अक्षरांचा आवाज करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करतो. हे दोन भाग वेगळे आहेत हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे. पहिला भाग उत्तम असून दुसरा अडखळत असेल तर मराठी वाचकाच्या पदरी काय पडते, हा या विषयाचा गाभा आहे.

माउस या सगळ्यात जवळजवळ लागत नाही. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये वेबपानावर एच दाबले की पुढचे शीर्षक येते, के दाबले की पुढचा दुवा, टी दाबले की तक्ता, एफ दाबले की अर्जातली पुढची चौकट. इन्सर्ट धरून खालचा बाण दाबला की मजकूर सलग वाचला जातो. कंट्रोलला बोट लागले की आवाज थांबतो. डोळस माणूस पान वरून खाली चाळतो, दृष्टिहीन माणूस ते उड्या मारत चाळतो. सराव झालेला वापरकर्ता आवाजाचा वेग मिनिटाला तीनशे-चारशे शब्दांपर्यंत नेतो. शेजारी बसलेल्याला तो नुसता गुणगुणाट वाटतो. ऐकणाऱ्याला त्यात स्वल्पविरामसुद्धा कळतो.

२०११च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५०.३ लाख नोंदली गेली, तर महाराष्ट्रात सुमारे ५.७४ लाख. यांत पूर्ण अंधत्व असलेले आणि अंशतः दिसणारे असे दोन्ही आले. अंशतः दिसणाऱ्यांचे पुष्कळसे काम अक्षरे मोठी करणे, काळ्यावर पिवळी अक्षरे घेणे आणि पडद्यावरचे भिंग एवढ्यावर भागते. ही साधने आता बहुतेक सगळ्या कार्यप्रणालींत मुळातच असतात. खरी अडचण आवाजावर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांची आहे, आणि ती मुंबई-पुण्यापेक्षा तालुक्याच्या गावी जास्त जाणवते. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळीच्या बागांचे अर्धापूर लागते. तिथल्या शेतकरी घरातल्या दृष्टिहीन तरुणालाही तेच हवे असते जे इतरांना हवे असते : स्पर्धा परीक्षेची जाहिरात, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, केळीचा भाव. या चारही गोष्टी आज संगणकावर किंवा मोबाइलवर येतात. पूर्वी कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागे. आता तो स्वतः वाचता यायला हवा, निदान तत्त्वतः तरी.

तत्त्व आणि व्यवहार यांच्यामध्ये बराच काळ किंमत उभी होती. विंडोजवरचा सर्वात नावाजलेला स्क्रीन रीडर जॉज १९८९पासून बाजारात आहे. त्याच्या कायमच्या परवान्याला सुमारे हजार डॉलर पडतात; तेवढ्यात एक बऱ्यापैकी संगणक येतो. त्याची विनामूल्य नमुना प्रत चाळीस मिनिटे चालते, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. निम्मा अर्ज भरून झाला की वेळ संपायची. साहजिकच चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. ज्यांना कायद्याने समान संधी द्यायची, त्यांना साधे पत्र टाइप करण्यासाठी कायदा मोडायची वेळ यावी, ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हे.

मुक्त सॉफ्टवेअरने ही कोंडी फोडली, पण केवळ फुकट मिळून नव्हे. विंडोजबरोबर येणाऱ्या नॅरेटरलाही वेगळे पैसे पडत नाहीत. त्याची मूळ आज्ञावली मात्र कंपनीच्या कपाटात असते. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना चार गोष्टींची मोकळीक देतो : कोणत्याही कामासाठी वापरा, आतली रचना पाहा आणि बदला, प्रती वाटा, बदललेली प्रतही वाटा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा दृष्टिहीन वापरकर्ते त्यांच्या डोळ्यांपुढे होते असे नाही. तरीही या चारांतली दुसरी मोकळीक दृष्टिहीनांना सर्वाधिक उपयोगी पडली. साधन नीट चालत नसेल तर ते वापरणाऱ्यानेच उघडून दुरुस्त करावे, हा मार्ग तिने खुला केला. या क्षेत्रातली बरीच महत्त्वाची साधने दृष्टिहीन प्रोग्रामरांनी स्वतःच्या गरजेतून लिहिली आहेत.

त्यांतले एक ठळक नाव पुण्यात वाढले. टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणिताचा मजकूर ऐकवण्याची पद्धत. समीकरणातला घातांक डोळस माणसाला थोडा वर आणि बारीक लिहिलेला दिसतो. रामन यांच्या ॲस्टर या प्रणालीत तो चढ्या स्वरात ऐकू येतो. कागदावरची मांडणी त्यांनी आवाजाच्या चढउतारांत बसवली. या प्रबंधाला असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा उत्कृष्ट प्रबंधाचा पुरस्कार मिळाला.

१९९५मध्ये रामन यांनी ईमॅक्स या मुक्त संपादकाला वाचा देणारा ईमॅकस्पीक प्रसिद्ध केला, तोही मुक्त परवान्याखाली. त्यामागचा विचार आजही ताजा आहे. पडद्यावर महिन्याची दिनदर्शिका उघडली आहे असे धरू. साधा स्क्रीन रीडर कर्सर जिथे असेल तिथला आकडा वाचतो : पंधरा. कोणत्या महिन्याची पंधरा, वार कोणता, हे डोळस माणूस वरच्या ओळीकडे नजर टाकून जाणतो. ऐकणाऱ्याने तिथे जाऊन यायचे म्हटले तर तीन-चार कळा दाबाव्या लागतात. ईमॅकस्पीक मात्र दिनदर्शिकेच्या प्रोग्रामलाच अर्थ विचारतो आणि वार, महिना, वर्ष असे सगळे एकदम सांगतो. थोडक्यात, चित्र वाचून दाखवण्यापेक्षा त्यामागची माहिती बोलावी, ही रामन यांची भूमिका. हे करता आले कारण ईमॅक्सची संपूर्ण आज्ञावली त्यांच्यापुढे उघडी होती. बंद सॉफ्टवेअरवर असे काम बाहेरच्या माणसाला करता येत नाही.

त्याच सुमारास, १९९५मध्येच, लिनक्सच्या अक्षरी पडद्यावरचा मजकूर ब्रेल यंत्रावर उमटवणारा बीआरएलटीटीवाय सुरू झाला. चित्रमय पडद्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ऑर्का तयार झाला आणि २००६मध्ये तो ग्नोम या मुक्त डेस्कटॉपचा भाग बनला. आज उबंटूत सुपर, आल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की ऑर्का बोलू लागतो. डेबियनची तऱ्हा आणखी लक्षवेधी आहे. प्रस्थापनेचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की एक बीप ऐकू येतो. त्या क्षणी एस दाबून एंटर केले की पुढची सगळी प्रस्थापना बोलत बोलत होते. कोऱ्या संगणकावर कार्यप्रणाली चढवण्याचे काम दृष्टिहीन माणूस कुणाच्या मदतीवाचून करू शकतो. विंडोजमध्ये ही सोय बराच काळ नव्हती.

तरी महाराष्ट्रातल्या शाळा, बँका आणि सेवा केंद्रे यांच्यावर राज्य विंडोजचे आहे, आणि म्हणून मराठी दृष्टिहीनांच्या रोजच्या आयुष्यात खरा फरक एनव्हीडीएने पाडला. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६मध्ये तो लिहायला घेतला. जेम्स टेह हे दुसरे दृष्टिहीन प्रोग्रामर पुढे त्याच्या जोडीला आले. दोघांची ओळख लहानपणी दृष्टिहीन मुलांच्या संगीत शिबिरात झाली होती. त्यांनी एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था काढली. सुरुवातीच्या काळात फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने अनुदान दिले, त्यामुळे छंदाचे काम पूर्णवेळ होऊ शकले. एनव्हीडीएचा बराचसा भाग पायथन या शिकायला सोप्या भाषेत आहे आणि पन्नासहून अधिक भाषांत त्याचे अनुवाद झाले आहेत. वेबएम या अमेरिकी संस्थेच्या २०२३-२४च्या पाहणीत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी आपण एनव्हीडीए वापरत असल्याचे सांगितले. जॉज त्याच्या थोडा मागे होता. मुख्य साधन म्हणून मात्र जॉजचे नाव सांगणारे अजूनही किंचित जास्त होते. कार्यालयांत परवान्याचे पैसे मालक भरतो, हे त्यामागचे एक उघड कारण.

एनव्हीडीएची पेनड्राइव्हवर बाळगायची प्रत ही तालुक्याच्या गावी विशेष कामाची चीज आहे. सेवा केंद्रातल्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर काहीही न चढवता ती चालते, आवाजाचा वेग आणि इतर जुळणी मालकाने ठरवलेलीच राहते, आणि पेनड्राइव्ह काढला की संगणक पूर्ववत होतो. केंद्रचालकाची परवानगी आणि एक हेडफोन एवढेच भांडवल लागते. वर्गातली वीस मुले एकाच संगणकावर पाळीपाळीने शिकणार असतील, तर प्रत्येकाच्या खिशात स्वतःची प्रत असू शकते आणि त्यात बेकायदा काहीच नाही.

मोबाइलवर हेच काम टॉकबॅक करतो. तो अँड्रॉइडबरोबर येतो आणि त्याची मूळ आज्ञावली गुगलने खुली ठेवली आहे. आवाजाच्या दोन्ही कळा काही क्षण दाबून धरल्या की तो सुरू करता येतो. बोट उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू, दोनदा टिचकी मारली की निवड. खेड्यापाड्यांत दृष्टिहीनांची पहिली ओळख आता संगणकाशी होत नाही, टॉकबॅकशी होते. ते ठीक आहे. पण लांब मजकूर लिहिणे, तक्ता भरणे, हिशेब ठेवणे यांसाठी कळफलक अपरिहार्य आहे, आणि नोकरीच्या जागी मोबाइल पुढे करून भागत नाही.

आता मराठी आवाजाकडे. एनव्हीडीएबरोबर जो वाचासंश्लेषक येतो त्याचे नाव ईस्पीक एनजी. जोनाथन डडिंग्टन या इंग्रज प्रोग्रामरने १९९५मध्ये एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्राममधून ईस्पीक वाढला. २०१५पासून त्याची नवी शाखा इतर लोक सांभाळतात. माणसाचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचे तुकडे जोडण्याऐवजी तो गणिताने ध्वनी तयार करतो. त्यामुळे तो यांत्रिक वाटतो. नवख्याला पहिले दोन दिवस नकोसा होतो. पण शंभरहून अधिक भाषा काही मेगाबाइटमध्ये मावतात, जुन्या संगणकावर तो अडत नाही, कळ दाबताच बोलतो आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द फाटत नाहीत. या शंभरांत मराठी आहे. अर्धापूर-नांदेडकडे घरोघरी कानावर पडणारी उर्दूही आहे.

मराठीचे उच्चार त्याला कळतात ते दोन साध्या मजकूर फायलींमधून. एमआर रूल्स या फायलीत अक्षरांवरून उच्चार काढण्याचे नियम असतात; एमआर लिस्ट या फायलीत नियमांत न बसणारे शब्द एकेक करून दिलेले असतात. या फायली कोणीही उघडू शकतो. मराठीला अशा नियमांची निकड हिंदीपेक्षा जास्त आहे, कारण आपले लेखन वाटते तितके उच्चारानुसारी नाही. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एक नव्हे. ‘जल’ आणि ‘जवळ’ यांतला ज एक नव्हे. लिपी मात्र दोन्हीकडे तेच अक्षर देते. मराठी माणसाला हा फरक कुणी शिकवलेला नसतो, आणि म्हणूनच तो यंत्राला शिकवताना नियम सापडत नाही. तत्सम शब्दांत तालव्य उच्चार आणि देशी शब्दांत बहुधा दंततालव्य, इतपत ढोबळ सूत्र सांगता येते. पण शब्द तत्सम की देशी हे यंत्राने ओळखायचे कशावरून? इथे शब्दांची यादी हाच उपाय उरतो.

तसाच प्रश्न अकाराचा. सरपंच, घरकुल, ग्रामसेवक हे पंचायतीच्या कागदावरचे रोजचे शब्द. बोलताना ‘सर्पंच’, ‘घर्कुल’, ‘ग्राम्सेवक्’ असे होतात. लिहिलेला प्रत्येक अ उच्चारला तर ऐकणाऱ्याला ते पोथी वाचल्यासारखे वाटतात. शेवटचा अ गाळणे सोपे असते. शब्दाच्या पोटातला कोणता गाळायचा हे जोडशब्दाचा सांधा कुठे आहे त्यावर ठरते, आणि तो सांधा ओळखायला भाषा यावी लागते. तिसरी गोष्ट शिरोबिंदूची. ‘केलं’, ‘घरं’, ‘सांगितलं’ यांतला शेवटचा अनुस्वार नाकातून उच्चारायचा नसतो. तो फक्त अ लांबवल्याची खूण आहे. हिंदीचा नियम जशाच्या तसा उचलला तर तिथे न किंवा म ऐकू येईल. संवाद असलेली कथा अशा आवाजात ऐकणे म्हणजे शिक्षाच.

मराठी आवाजाचे इतर प्रयत्नही झाले. सिम्प्युटर या स्वस्त भारतीय संगणकाच्या कामातून उगम पावलेला ध्वनी हा मुक्त संश्लेषक अनेक भारतीय भाषांत बोलू लागला. पुण्याच्या सी-डॅकने दृष्टिहीनांसाठी श्रुती-दृष्टी ही प्रणाली केली. केंद्र सरकारच्या साहाय्याने आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी भारतीय भाषांचे आवाज तयार केले. गुगलचा मराठी आवाज आज मोबाइलवर सर्वात सहज मिळतो आणि कानाला बराच गोड लागतो, पण त्यात चुकणारा शब्द दुरुस्त करण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नाही. गोडवा आणि दुरुस्तीची मुभा यांत निवड करायची झाली तर बहुतेक लोक गोडवा निवडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. भाषेच्या दृष्टीने मात्र ईस्पीकची मराठी सुधारणे हे अधिक टिकाऊ काम आहे.

आवाज कितीही सुधारला तरी त्याच्यापुढे मजकूर योग्य स्वरूपात यावा लागतो, आणि मराठीत नेमके इथेच घोडे अडते. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकन श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा पद्धतींतल्या फाँटांवर चाले. या फाँटांत देवनागरी अक्षर दिसत असले तरी फायलीत साठवलेले असते भलतेच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात. डोळ्याला मराठी दिसते, स्क्रीन रीडरला ‘ईजेकेबीएच’ मिळते, आणि तो तेच इमानाने वाचतो. पानभर मजकूर असा ऐकला की माणूस यंत्र बिघडले असे समजतो. यंत्र ठीक असते. लिहिणाऱ्याने मराठी लिहिलेलीच नसते, तिचे चित्र काढलेले असते. छपाईच्या कामात हे फाँट अजून टिकून आहेत, आणि कचेऱ्यांतली जुनी परिपत्रके, संस्थांचे अहवाल, प्रश्नपत्रिका यांचे ढीग त्यांतच पडून आहेत. परिवर्तक वापरून त्यांतला बराच मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, जोडाक्षरे मात्र हाताने तपासावी लागतात.

युनिकोडमध्येही सगळे आलबेल नाही. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे वेगळे शब्द. दुसऱ्यातला र दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. शोध घेताना एक सापडतो, दुसरा नाही. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८मध्ये मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ते अ वर चंद्र चढवून केलेले आढळते. शिवाय वेबपानाच्या मूळ खुणांत भाषा मराठी असल्याचे नोंदवावे लागते. ती नोंद नसली की देवनागरी दिसताच अनेकदा हिंदीचा आवाज निवडला जातो आणि वर सांगितलेले सगळे नियम वाया जातात. एका शब्दाची ही नोंद करायला काही सेकंद लागतात. ती क्वचितच केलेली असते.

आवाजाची स्वतःची अशी एक मर्यादा आहे. ‘आणि’ आणि ‘आणी’ कानाला सारखेच. फक्त ऐकून शिकलेल्या विद्यार्थ्याचे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे राहतात, यात त्याचा आळस नसतो. त्याने शब्द पाहिलेलाच नसतो. प्रत्येक शब्द अक्षराअक्षराने तपासायची सोय स्क्रीन रीडरमध्ये असते, पण अख्खा निबंध तसा तपासणे दमछाक करणारे आहे. ब्रेल इथे अजूनही अजोड ठरते. १९५१मध्ये मान्य झालेल्या भारती ब्रेलमध्ये पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांची चिन्हे निराळी आहेत आणि बोटाला ती निराळी लागतात. संगणकावरचा मजकूर ब्रेलमध्ये आणणाऱ्या लिबलुई या मुक्त संचात मराठीचा तक्ता आहे. एनव्हीडीए, ऑर्का आणि बीआरएलटीटीवाय तिघेही त्याचा उपयोग करतात. अडचण यंत्राची आहे. ठिपके वरखाली होणारी ब्रेल पट्टी स्वस्त झाली म्हणतात तीही हजारोंच्या घरात जाते, आणि अशी यंत्रे गावोगावच्या शाळांत पोहोचलेली नाहीत.

कागदाचे छायाचित्र काढून केलेली पीडीएफ ही आणखी एक भिंत. तिच्यात मजकूर नसतोच. एनव्हीडीए तिच्यावर नेले की ‘रिकामे’ असे काहीसे ऐकू येते, जरी समोर शिक्क्यानिशी आदेश असला तरी. यावर टेसरॅक्ट हा उतारा आहे. एचपी कंपनीत १९८५च्या सुमारास सुरू झालेला हा अक्षरओळख प्रोग्राम २००५मध्ये मुक्त झाला, पुढे गुगलने तो वाढवला, आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून त्याची देवनागरीची ओळख चांगलीच सुधारली. मराठीसाठी त्याचा स्वतंत्र संच आहे. स्वच्छ छापलेले पान तो बहुतांशी बरोबर वाचतो. शिक्का, सही आणि घडीची रेघ आली की गोंधळतो. सातबाऱ्यासारख्या चौकटीचौकटींच्या कागदात कोणता आकडा कोणत्या रकान्याखालचा, हे त्याला नीट सांगता येत नाही. कागद मुळात मजकूर म्हणूनच दिला तर टेसरॅक्टची गरजच पडू नये.

इथे कायदा मदतीला येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४२नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम असेल हे पाहणे सरकारवर बंधनकारक आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. तिसरी आवृत्ती २०२३ची. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाखालच्या २०१७च्या नियमांतला सुगमतेविषयीचा नियम १५(१) रद्द ठरवला, कारण तो शिफारशीसारखा होता, सक्तीचा नव्हता. किमान सक्तीचे नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेशही दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल केवायसीबाबत निकाल दिला. बँकेचे किंवा सिमकार्डचे केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा असे सांगितले जाते. ॲसिड हल्ल्यातले बळी आणि दृष्टिहीन यांना ते जमत नाही. अमर जैन हे दृष्टिहीन वकील या प्रकरणातले एक याचिकाकर्ते होते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. पुस्तकांच्या बाबतीत २०१२च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायदा दृष्टिहीनांसाठी सुगम प्रती करू देतो, आणि अशाच सुगम प्रतींविषयीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता, २०१४मध्ये. परीक्षांबाबतच्या केंद्राच्या २०१३च्या सूचनांत उत्तरे संगणकावर लिहिण्याचा पर्याय देण्यात आला. तो मागणारे कमी, कारण संगणकावर मराठी टंकायला शिकवलेलेच नसते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. लिनक्सवर पडदा रंगवण्याची जुनी पद्धत जाऊन वेलँड ही नवी पद्धत आली, तेव्हा ऑर्काच्या कळा पकडण्याची व्यवस्थाच मोडली. सुरक्षेसाठी घातलेल्या बंधनांत स्क्रीन रीडरचा विचार नंतर झाला. दुरुस्ती होत आली आहे, पण मधल्या काळात अनेकांना जुन्या आवृत्तीवर थांबावे लागले. स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या कामात जो भाग देखणा नाही तो मागे पडतो, आणि सुगमता डोळस प्रोग्रामरला दिसतच नाही. म्हणून या समुदायात दृष्टिहीन स्वतः असणे मोलाचे. मुंबईचे कृष्णकांत माने हे त्याचे मराठी उदाहरण. दृष्टिहीन असलेले माने मुक्त सॉफ्टवेअरचे जुने प्रचारक आहेत, आणि जीएनयूखाता हे हिशेब ठेवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. ते दृष्टिहीनांसाठीचे खास सॉफ्टवेअर नव्हे; दुकानदार, संस्था, विद्यार्थी अशा कुणासाठीही आहे. केरळने शाळांत मुक्त सॉफ्टवेअर सरसकट आणल्यामुळे तिथे दृष्टिहीन शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ऑर्का वेगळा मागावा लागत नाही. महाराष्ट्रात तसा निर्णय झालेला नाही. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे २००३पासूनचे संसाधन केंद्र किंवा १९५२ची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड यांच्यासारख्या संस्था आहेत. मराठवाड्यातून तिथे जाऊन शिकणे सगळ्यांना परवडत नाही.

तालुक्याच्या गावी जे लागते त्याची किंमत फार नाही : एक चालू संगणक, हेडफोन, एनव्हीडीए, इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाची ओळख आणि शिकवणारा एक माणूस. पहिल्या चार गोष्टी अर्धापुरात आजही मिळतात. पाचवी घडवावी लागेल, आणि ती शक्यतो दृष्टिहीनांतूनच घडवावी. बाकी काम डोळस वाचकांकडे आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टंका. शीर्षक ठळक करून न थांबता शीर्षकाची शैली लावा. छायाचित्राला नाव द्या. आदेशाची स्कॅन प्रत देताना मूळ मजकुराची फाइल सोबत ठेवा. मराठीच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी ईस्पीकची शब्दयादी एकदा उघडून पाहावी, आपल्या भागातल्या गावांची, पिकांची आणि आडनावांची चुकीचे होणारे उच्चार तिच्यात दुरुस्त करून पाठवावेत. स्वीकारलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीबरोबर प्रत्येक मराठी वापरकर्त्याच्या संगणकावर विनामूल्य पोहोचते.